पडद्यातलं औषध

मला राग फार लवकर येतो आणि उतरायला फार वेळ लागतो. वय झालं की माणूस निवळतं असं म्हणणारे लोक भेटले की मला त्यांचाही राग येतो. माझा सगळ्यात जुना राग एका कपाटावर आहे. सागवानी, उंच, पुढे काचेची दोन दारं, वर पितळी कुलूप. आमच्या दवाखान्याच्या पश्चिमेकडच्या व्हरांड्यात ते उभं असायचं. आता ते कुठे असेल कोण जाणे. कुणी मोडून चुलीत घातलं असेल तर फार बरं केलं.

दवाखाना ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात होता, फक्त बायकांचा. एका सरदार घराण्यानं दरबारच्या काळात बांधून दिलेला, छोटासाच. मी तिथे नर्स म्हणून लागले तेव्हा मला विसावं संपत होतं. आमचं घराणं शिलेदारांचं म्हणवतात. पणजोबा दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, आणि त्यांच्यानंतर आमच्या घरात कुणी घोड्यावर बसलं नाही. वडील लवकर गेले. दादा शाळेत मास्तर होता. तो, आई आणि मी खासगी बाजार नावाच्या पेठेत एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. मुलगी नर्स होणार म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा आईनं त्यांना सरळ सांगितलं, "हिला तुम्ही सांभाळणार आहात का? नाही ना? मग चूप बसा." आईचा आवाज मोठा होता. गल्लीत खालपर्यंत ऐकू जायचा.

दवाखान्यात मला कामाला लावलं ते मोठ्या सिस्टरनी. त्या नगरकडच्या ख्रिस्ती बाई, पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि बोलायला अशा की डॉक्टरीणबाईसुद्धा त्यांच्यापुढे आवाज खाली ठेवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ऑपरेशनच्या खोलीमागच्या अंधाऱ्या बोळात नेलं. तिथे एक मोठं मडकं होतं, त्यात वाळू, वाळूत एक लहान मडकं, आणि वरून ओलं पोतं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. लहान मडक्यात काळ्या कागदाच्या पुड्या होत्या. त्यांनी एक पुडी उघडली. आत काचेच्या इवल्याशा कुप्या, पाण्यासारखं औषध भरलेल्या.

"मूल झालं की सगळे मुलाकडे बघतात," त्या म्हणाल्या. "मुलगा का मुलगी, रडलं का नाही. तू नाही बघायचं. तू पिशवीकडे बघायचं."

मग त्यांनी आपली मूठ आवळून दाखवली. मूल आणि वार बाहेर आली की बाईची पिशवी अशी आवळली गेली पाहिजे. आवळली की आतल्या रक्ताच्या वाटा आपोआप बंद होतात. नाही आवळली तर रक्त थांबतच नाही, आणि पोट चिरून मूल काढलेलं असेल तर आणखीनच कठीण. या कुपीतलं औषध, अर्गोमेट्रिन, पिशवीला आवळायला लावतं. पण ते उन्हानं आणि उजेडानं मरतं. मेलं की पिवळं पडतं.

"हे पडद्यातलं औषध आहे, पोरी. याला उजेड दिसता कामा नये. वापरायच्या आधी कुपी खिडकीशी धरायची. पाण्यासारखी असली तर द्यायची. जरा जरी पिवळी दिसली तर फेकायची. विचारायचं कुणालाच नाही, फेकायची."

मी ते पाठ केलं. चार वर्षं त्या मडक्यावर मी पाणी शिंपडलं. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी लू सुटते आणि दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते. तरी त्या बोळातल्या वाळूत हात घातला की गार लागायचं. त्या चार वर्षांत पोट चिरून बाळंतपणं काही थोडी झाली नाहीत, आणि प्रत्येक वेळी ती मूठ आवळलेली मी बघितली.

मग संस्थान गेलं. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची सगळी संस्थानं मिळून मध्यभारत झाला. दरबारचे कागद जाऊन शासनाचे कागद आले. इंदूरला स्वतःला राजधानी म्हणवून घ्यायचं होतं आणि आम्हालाही, तेव्हा दोघांनी ती वाटून घेतली. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. चैत्र संपत आला की कचेऱ्यांतली माणसं फायली बांधून इंदूरला जायची आणि थंडीला परत यायची. आमचं लष्कर या सगळ्या प्रकारावर हसायचं, पण दुखलंही होतं.

त्याच सुमाराला दादाचं लग्न झालं आणि मुलगी इंदूरची आली. आई म्हणाली, "राजधानी अर्धी दिली, आता मुलगाही देऊन टाकते." वहिनी माझ्याहून तीन वर्षांनी लहान, सडपातळ, हसरी. ती प्रत्येक पदार्थावर इंदूरहून आणलेलं जिरावण, तिकडचा चटपटीत मसाला, भुरभुरायची. आईनं ते बघून भुवया चढवल्या की ती आईच्या ताटातही चिमूटभर टाकायची. आई ओरडायची आणि खायची. मला वाटतं, आयुष्यात आईला कुणी गप्प केलं असेल तर ते फक्त त्या पहिल्या वर्षात वहिनीनं.

दवाखाना शासनानं ताब्यात घेतला. मोठ्या सिस्टरना पेन्शन देऊन घरी पाठवलं. जाताना त्यांनी बोळातल्या मडक्याकडे बोट केलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "पडदा सांभाळ." नंतर फाल्गुनात एक बाबू आला. तिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, कानामागे पेन्सिल. त्याचं काम दवाखान्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी करायचं. त्याच्याबरोबर एक हुकूमही आला होता. सगळी औषधं काचेच्या कपाटात ठेवायची, नावं पुढे करून, म्हणजे तपासणीला येणाऱ्या माणसाला बाहेरूनच सगळं दिसेल. खोके, मडकी, ट्रंका यांत काहीही ठेवायचं नाही.

आता मी इतकी वर्षं रागावून बसले आहे, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या बाबूचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दरबारच्या काळात आमच्या दवाखान्यातली ब्लँकेटं कुणाकुणाच्या घरी अंथरलेली मी स्वतः बघितली होती. ताप उतरवायच्या गोळ्या मागच्या दारानं जायच्या आणि खाटेवरची बाई तापात तशीच पडायची. सगळं उघड्यावर ठेवा, सगळ्यांना दिसू द्या, म्हणजे चोरी होणार नाही, हे त्याला मनापासून वाटत होतं. तो लबाड असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याला चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

तो बोळात आला तेव्हा मी मडक्यापुढे उभी राहिले. त्याला सांगितलं की हे औषध उन्हानं खराब होतं, हे बाहेर काढता येणार नाही. तेव्हा आमच्या दोन दाया, झाडूवाली आणि एक शिकाऊ नर्स अशा सगळ्या तिथे जमल्या होत्या.

"बहनजी," तो म्हणाला, "दवा है कि दुल्हन, जो मुँह छिपाएगी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

हे लिहिताना हात थांबतो. मी का हसले? तो दिसायला बरा होता म्हणून? सगळ्या हसत होत्या म्हणून? मडक्यात औषध ठेवणारी जुन्या वळणाची बाई असं आपल्याला कुणी समजू नये म्हणून? नवं राज्य होतं, नव्या पद्धती होत्या आणि मी चोविसाव्या वर्षी म्हातारी दिसायला तयार नव्हते. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अभी लगा दो, मैं लिखकर पूछती हूँ." त्यांनी पत्र लिहिलं. ते इंदूरला गेलं. मी सगळ्या पुड्या सोडल्या, कुप्या काढून कपाटात ओळीनं लावल्या आणि यादीखाली सही केली. चारसहा कुप्या मडक्यातच राहू द्याव्यात असं एकदा मनात आलं होतं. पण यादीशी जुळलं नसतं तर बाबूनं मला चोर ठरवलं असतं. म्हणून तेवढ्याही नाही ठेवल्या.

चैत्र गेला, वैशाख गेला. दुपारी दोननंतर ऊन तिरपं व्हायचं आणि थेट त्या काचेवर यायचं. एकदा मी वाळ्याचा पडदा आणून कपाटावर टांगला. दुसऱ्या दिवशी बाबूनं तो काढून ठेवला. त्याच्या अंगावर जाऊन मी भांडले, तर तो शांतपणे म्हणाला की इंदूरचं उत्तर येऊ द्या, मग पाहिजे तर दोन पडदे लावा. उत्तर आलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत पोट चिरायची वेळ कुणावर आली नाही. साध्या बाळंतपणांत पिशव्या आपल्याआपण आवळल्या आणि मी हळूहळू त्या कपाटाला सरावले.

वहिनीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत आहे, आणि तिचे वडील तिला न्यायला आलेही होते. मीच आडवी आले. म्हटलं, एवढ्या उन्हात आगगाडीचा प्रवास कशाला, इंदूरला काय मोठं सोनं लागलंय, आमचा दवाखाना आहे, डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "काही काळजी करू नका. मी आहे ना." तेव्हा तिनंच वडिलांना सांगितलं, "बाबा, राहू द्या. वन्सं आहेत ना."

ज्येष्ठात तिला कळा सुरू झाल्या. एक पूर्ण दिवस गेला, दुसरा उजाडला, आणि मूल आडवं होऊन बसलं ते सरकेना. सकाळी नऊच्या सुमाराला डॉक्टरीणबाई हात धूत म्हणाल्या, "अब और नहीं रुक सकते. पेट खोलना पड़ेगा." दवाखान्यात ऑपरेशनला उभं राहायला शिकलेली नर्स मी एकटीच होते. दादा बाहेर बाकावर बसला होता, आई त्याच्याशेजारी जपमाळ घेऊन. मी आत जाताना आई म्हणाली, "तू आहेस म्हणून मी शांत आहे बघ."

मूल दहाच मिनिटांत बाहेर आलं. मुलगी होती, निळी पडलेली, पण दाईनं दोन चापट्या मारल्या आणि ती रडली. सगळे तिच्याकडे बघत होते. मी पिशवीकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंनी वार काढली आणि हात पुढे केला. "अर्गोमेट्रिन."

मी आधीच तीन कुप्या कपाटातून आणून ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. एक उचलली, खिडकीशी धरली. पिवळी झाक होती. फार नाही. लिंबाचा थेंब टाकलेलं पाणी दिसावं तितकीच. दुसरी धरली, तीही तशीच. तिसरीही. फेकायच्या तर तिन्ही फेकायला हव्या होत्या, आणि मग द्यायला काही उरत नव्हतं. पहिलीचीच मान मोडली, सुईत ओढून घेतली आणि दिली. तोंडानं काही बोलले नाही. मनात म्हटलं, जरा तर पिवळी आहे, काम करेल. ज्या बाईनं चार वर्षं मला एकच गोष्ट शिकवली होती तिचा शब्द मी असा दोन क्षणांत मोडला.

पिशवी आवळली नाही. ती मऊच राहिली, सैल मळलेल्या कणकेसारखी. डॉक्टरीणबाईंनी ती दोन्ही हातांत धरून चोळायला सुरुवात केली. "दूसरा दो." दुसरी दिली. थोडी आवळल्यासारखी झाली आणि पुन्हा सुटली. रक्त टेबलावरून खाली टपकायला लागलं. "तीसरा." तिसरी दिली. मग त्यांनी मान वळवून ट्रेमधल्या फुटक्या कुप्यांकडे बघितलं. कुपीच्या तळाशी राहिलेला थेंब त्यांना तिथूनही दिसला असणार.

"यह कहाँ रखा था?"

"अलमारी में था," मी म्हटलं.

अलमारी में था. जणू ते औषध स्वतः चालत गेलं आणि कपाटात जाऊन बसलं. मैंने रखा था हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

पुढे विचारायला वेळच नव्हता. वहिनीचे ओठ पांढरे पडत चालले होते, नाडी माझ्या बोटांखाली सापडत होती आणि हरवत होती. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं आणखी हातानं दाबून बघितलं आणि मग पिशवी काढली. दुसरा इलाज उरला नव्हता. दादाचं रक्त जुळलं म्हणून त्याचं घेऊन तिला दिलं. एकवीस वर्षांची मुलगी होती ती. सकाळी आत नेताना माझा हात धरून विचारत होती की मुलाला जिरावण कधीपासून देता येतं.

ती जगली. ज्यांना हे पुरेसं वाटतं त्यांनी वाटून घ्यावं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं की रुग्णाची प्रकृती मूळचीच अशक्त, अतिरक्तस्राव, नाइलाजानं गर्भाशय काढावं लागलं. मी म्हटलं, "पर वह दवा..." त्या थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हारे दस्तखत हैं उस सूची पर. और मैंने भी चिट्ठी लिखकर हाथ धो लिए थे. क्या लिखूँ?" आणि तेच वाक्य कागदावर राहिलं. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या सगळ्या कुप्या कपाटातून काढून मोरीत फोडल्या. नव्या मागवल्या, त्या आल्या तशा काळ्या कागदात बांधून मडक्यात घातल्या आणि बाबूला सांगितलं, मोजायचं असेल तर वाळूत हात घालून मोज. तो माझ्या तोंडाकडे बघून परत गेला. मी त्याचा चांगला समाचार घ्यायला पाहिजे होता, पण तोंड उघडलं असतं तर स्वतःचंही नाव घ्यावं लागलं असतं.

डॉक्टरीणबाईंच्या पत्राचं उत्तर पुढे आलं. खोटं वाटेल, पण आलं. मधल्या काळात मध्यभारतही मोडून मध्यप्रदेश झाला होता, राजधानी इंदूरलाही नाही आणि आम्हालाही नाही, थेट भोपाळला गेली होती. तो कागद ग्वाल्हेर-इंदूर अशा फेऱ्या मारून शेवटी भोपाळहून आला. त्यात विचारलं होतं की सदर औषध सध्या कोणत्या कपाटात आहे ते कळवावं. वहिनीची मुलगी तेव्हा शाळेत जात होती. मी तो कागद टराटरा फाडला.

पण घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं, खरा राग तिथला आहे. आईला नातू हवा होता. तिला कुणी सांगितलं नाही की औषध मेलेलं होतं. तिला कागदावरचं सांगितलं, मूळचीच अशक्त प्रकृती. मीच सांगितलं. आईनं ते धरून ठेवलं. "इंदूरची पोर, दिसायला गोरी आणि आतून पोकळ." पुढे आईला ऐकू कमी यायला लागलं. ऐकू कमी आलं की माणूस मोठ्यानं बोलतं, आणि आईचा आवाज तर आधीच मोठा. ती चटणी वाटता वाटता म्हणायची, "एकीवर पिशवी गमावली हिनं. माझ्या दादाचा वंश बुडवला," आणि खालच्या दुकानात सामान घेणारी गिऱ्हाइकं मान वर करून बघायची. आमच्या नात्यात कुणाचं डोहाळजेवण असलं की आई वहिनीला स्वयंपाकघरात पाठवायची. ओटी भरायला पुढे येऊ द्यायची नाही. म्हणायची, "तुझा हात नको गं बाई, तू आतलं बघ." वहिनी आतलं बघायची. पुऱ्या लाटायची.

आणि मी त्या पुऱ्या खायची. मी लग्न केलं नाही, त्याच घरात राहिले. दवाखान्यातून दमून आले की वहिनी गरम पोळी वाढायची आणि म्हणायची, "वन्सं, तुम्ही होता म्हणून वाचले मी." हे वाक्य ती वर्षानुवर्षं म्हणाली. मी मान खाली घालून पोळी मोडायची. आईच्या बोलण्यावर मी आईशी कडाक्यानं भांडायची, ताट सरकवून उठायची, घर डोक्यावर घ्यायची. सगळे म्हणायचे, नणंद असावी तर अशी. मी सगळं बोलायची, फक्त ती एक गोष्ट बोलायची नाही. आई गेली तेव्हाही नाही बोलले. दादा गेला तेव्हाही नाही.

मग वहिनीच्या मुलीची वेळ आली. तिला नोकरी, लग्न, सगळं करता करता उशीर झाला होता, आणि तिचंही पोट चिरावं लागलं. ग्वाल्हेरच्याच कंपू भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये. मी रिटायर झाले होते, पण तिथली एक डॉक्टर माझ्या हाताखाली शिकलेली, तिनं मला दारापर्यंत येऊ दिलं. मी बघितलं, नर्सनं भिंतीजवळचा लहानसा फ्रिज उघडला, आतून कुपी काढली, उजेडाशी धरून बघितली आणि मग सुईत भरली. बस, एवढंच. सहज, रोजचं काम असावं तसं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, "आजी, एकदम फर्स्ट क्लास. ब्लीडिंग कुछ खास नहीं हुआ."

मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला रडू कोसळलं. वहिनी शेजारी होती. तिचे केस पांढरे झाले होते. तिला वाटलं, आनंदानं रडते आहे. ती माझी पाठ चोळायला लागली. तो हात मला सहन होईना. मी तिला सगळं सांगितलं. मडकं, बाबू, माझं हसणं, सही, पिवळ्या कुप्या, अलमारी में था. काहीच गाळलं नाही.

तिचा हात पाठीवरून कधी निघाला ते कळलं नाही. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता, मी आहे ना."

"हो."

"म्हणजे मी अशक्त नव्हते."

"नाही. तुम्ही चांगल्या धडधाकट होता."

"मी वर्षानुवर्षं रात्री विचार करत राहिले, की माझ्यात काय कमी होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "गलती तर माणसाकडून होते, वन्सं. मी पण तेव्हाच माफ करून टाकलं असतं. पण तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला पुऱ्या लाटू दिल्या." मग पदर सावरून ती नातवाला बघायला आत गेली.

बारा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा घ्या, औषध घेतलं का, एवढंच. बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, एकेक करून सगळ्या गेल्या. जाणाऱ्यांतल्या कुणाला आई आठवतही नव्हती. जी ते टोमणे मारायची ती गेली होती, ज्यांच्यासमोर मारायची त्याही बहुतेक गेल्या होत्या. मी दार लावून वळले तर वहिनी पुढच्या खोलीत, आईच्या फोटोखाली, खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर नातू झोपलेला.

"आता त्यांना सांगा," ती म्हणाली.

"कुणाला?"

तिनं मान वर केली, फोटोकडे. नवा हार घातलेला होता. मी म्हटलं, वहिनी, काहीतरीच काय. तिनं नातवाला मांडीवर नीट घेतलं. मी तिला ओळखते. ती उठणार नव्हती.

म्हणून मी त्या फोटोपुढे उभी राहिले, चष्मा काढला आणि हात पुढे बांधून, शाळेत उभं केल्यासारखी, सुरुवात केली. "आई, वहिनीची काही चूक नव्हती. औषध खराब होतं. मी ते उन्हात ठेवलं होतं." शब्द आतल्या आत जायला लागले.

पाठीमागून वहिनी म्हणाली, "मोठ्यानं बोला, वन्सं. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू येत होतं."